तारखा नीट टाका, हात जोडते!

सहा वाजले, बॅग आवरायला घेतली आणि सर समोर उभे. "अगं, फक्त लेटेस्ट महिन्याचा डेटा काढून दे. दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटं! काल अंधेरीहून निघून, दादरला पूल चढून सेंट्रलची गाडी पकडून डोंबिवलीला घरात पाऊल टाकलं तेव्हा पावणेदहा झाले होते. लेक झोपून गेली होती.

मला गूगल शीट्समधली क्वेरी येते हो, म्हणजे शीटमधून हव्या त्या ओळी काढणारा फॉर्म्युला. तिच्या व्हेअरमध्ये, म्हणजे अट लिहितात त्या भागात, थेट मॅक्स (सगळ्यात मोठी किंमत काढणारं फंक्शन) चालत नाही, म्हणून सगळ्यात शेवटची तारीख बाहेर शोधायची, टेक्स्ट फंक्शनने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मांडायची आणि अवतरणचिन्हं सांभाळत आत जोडायची. त्यात क्वेरीतलं मंथ फंक्शन महिने शून्यापासून मोजतं. जानेवारी शून्य, जून पाच! एक मिळवायला विसरलं की अख्खा महिना सरकला. पण तेही आता पाठ झालंय.

डोकं फिरतं ते तारखांनी. एका ब्रँचची शीट अमेरिकेच्या लोकेलवर आहे, म्हणजे देशाचं सेटिंग अमेरिकेचं, तारखेत आधी महिना मग दिवस. तिथे कुणीतरी 12 जून म्हणून 12/06/2025 टाकतं आणि शीट ती 6 डिसेंबर धरते. 13/06/2025 टाकलं तर तेरावा महिनाच नाही, मग ती तारीख राहतच नाही, नुसता मजकूर होतो. आता काढा लेटेस्ट महिना! जून संपायच्या आत मॅक्स मला डिसेंबर दाखवतो.

आणि त्याहून वाईट पुढेच आहे. कॉलममध्ये ज्या प्रकारच्या नोंदी जास्त, तो प्रकार क्वेरी खरा मानते, उरलेल्या रिकाम्या समजते. म्हणजे त्या ब्रँचच्या 13 तारखेपासूनच्या सगळ्या एन्ट्र्या गायब. एरर नाही, लाल खूण नाही, काही नाही! फॉर्म्युला बोंबलला असता तर पाच मिनिटांत पकडला असता. हा गुपचूप ओळी गिळतो, आणि टोटल कमी आली की मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात. माझ्याकडे का? मी टाकल्या का त्या तारखा?

काल एकेक ओळ तपासत बसले. मजकूर झालेल्या तारखा डावीकडे चिकटतात, त्या तरी दिसतात. दिवस-महिना उलटलेल्या मात्र खऱ्या तारखांसारख्याच उजवीकडे बसलेल्या असतात, त्या ओळखायच्या कशा? आणि लोकेल बदललं तरी आधीच्या आपोआप सरळ होत नाहीत. मूळ बिलं उघडून हातानेच दुरुस्त केल्या.

त्या ब्रँचला तीनदा मेल केलाय: सेटिंगमध्ये जाऊन लोकेल इंडिया करा, एक मिनिट लागतं. उत्तर काय, तर "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय." अहो, दिसणारच! 12/06/2025 लिहिलंय तेच दिसतंय. त्या सेलला महिन्याचं नाव येईल असा फॉरमॅट लावून एकदा बघा ना, डिसेंबर येतो की नाही ते!

उद्यापासून जुलैच्या एन्ट्र्या सुरू. आत्ता निघायच्या आधी ती शीट उघडून बघितली. लोकेल अजून तेच आहे.