टाकीत रॉकेल ओतून कार्बुरेटर साफ होत नाही

गणपती जवळ आले की कोकणात एक संदेश हमखास फिरू लागतो. मे महिन्यात पडवीत उभी करून ठेवलेली जुनी मोटरसायकल सुरू होत नसेल, तर टाकीत पाव लिटर रॉकेल ओतावे म्हणजे कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आपोआप साफ होतो. कार्बुरेटरवरचा हवेचा स्क्रू आवळावा म्हणजे मायलेज वाढते. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवावी म्हणजे तिच्यात पाणी होत नाही. आणि एवढे करूनही गाडी दाद देत नसेल तर पेट्रोलमधल्या इथेनॉलने कार्बुरेटर खाल्ला असे समजून नवा बसवावा, असे त्यात सांगितलेले असते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांना कार्बुरेटरऐवजी इंजेक्शन आले, त्यामुळे हा सल्ला नेमका जुन्या वापरलेल्या गाड्यांच्या मालकांपर्यंत पोहोचतो आणि नुकसानही त्यांचेच होते.

रॉकेलचा सल्ला सर्वांत घातक आहे. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातला हलका अंश उडून जातो आणि उरलेला चिकट थर जेटमध्ये, म्हणजे कार्बुरेटरमधल्या बारीक छिद्राच्या पितळी नळीत, वाळतो. कमी रेसला पेट्रोल पुरवणाऱ्या स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. ते बुजले असेल तर त्यातून पेट्रोलच जात नाही, मग रॉकेल कुठून जाणार? शिवाय रॉकेलाने हा वाळलेला थर सुटत नाही. ते इंजिनात नीट न जळता काजळी धरते, ठोके देते आणि सिलिंडरवाटे खाली उतरून ऑइल पातळ करते.

त्याऐवजी इंजिन थंड असताना, चुलीपासून आणि विडी-काडीपासून दूर, कार्बुरेटरच्या खालच्या वाटीचा निचरा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि बाटली थोडा वेळ स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले, तर पाणी आहे. तांबूस गाळ असेल, तर टाकी आतून गंजली आहे, आणि टाकी न धुता केवळ कार्बुरेटर साफ केला तर तो आठवडाभरात पुन्हा भरेल. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू असूनही काहीच आले नाही, तर दोष जेटच्या आधीचा आहे: कॉकची जाळी, नळी, वाटीतल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाची) अडकलेली पिन, किंवा टाकीच्या झाकणातले हवेचे बुजलेले छिद्र. हे छिद्र बुजलेली गाडी काही किलोमीटर नीट धावून बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा सुरू होते. अशा गाडीचा कार्बुरेटर खोलून काहीच हाती लागत नाही.

लक्षणेही बोलतात. चोक ओढल्यावरच गाडी चालत असेल आणि चोक सोडताच बंद पडत असेल, तर संशय स्लो जेटवर घ्यावा. सपाटीवर ठीक चालणारी गाडी आंबा घाटाच्या चढाला रेस दिल्यावर गुदमरत असेल, तर जास्त रेसला पेट्रोल देणारा मेन जेट किंवा अपुरा पेट्रोलपुरवठा तपासावा. जेट काढल्यावर तारेने टोचू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. कार्बुरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे.

हवेच्या स्क्रूचा प्रभाव मुख्यतः आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) आणि अगदी कमी रेसवर पडतो, त्यामुळे रस्त्यावरचे मायलेज त्याने ठरत नाही. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर आवळल्याने हवा कमी होऊन पेट्रोलचे प्रमाण उलट वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल, तर मिश्रण पातळ होते, आयडल टिकत नाही आणि इंजिन तापते.

टाकी रिकामी ठेवणे तर किनाऱ्यावर मुद्दाम गंज बोलावणे आहे. पेट्रोलच्या जागी दमट हवा भरते, रात्री पत्रा गार झाला की आत पाणी सुटते. टाकी भरून, कॉक बंद करून, खालची वाटी मात्र रिकामी करून गाडी उभी करावी.

इथेनॉलविषयीचा भाग अर्धा खरा आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि मर्यादा ओलांडली की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. जुने रबरही त्याने फुगते किंवा कडक होते. पण बहुतेकदा बिघडतात ती वॉशर, ओ-रिंग आणि नळी, आणि ती स्वतंत्रपणे बदलता येतात. कार्बुरेटर व इंजिन यांमधला रबरी जोड हाताने वाकवून पाहावा. भेगा दिसल्या आणि रेस सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लवकर उतरत नसतील, तर तो जोड बदलावा. नव्या कार्बुरेटरनेही तिथून शिरणारी हवा थांबणार नाही.