पाडा बघायला जाताना

एप्रिल लागला, मुलांच्या परीक्षा संपल्या की ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या माणसाला निसर्गाची आठवण येते. पूर्वी ती लोणावळ्याला जाऊन शमायची. आता लोणावळ्यात आपलीच सोसायटी भेटते. म्हणून यंदा तुम्ही शहापूरकडच्या एखाद्या डोंगरावरच्या आदिवासी पाड्यावर जायचं ठरवलंत, हे फार छान केलंत. मी जाऊन आलोय. चार गोष्टी सांगून ठेवतो.

आदिवासी पाडाच बघायचा तर येऊर जवळ आहे, पण तिथल्या पाड्यांत एक उणीव आहे. ते ठाणे महापालिकेच्या हद्दीत येतात. तिथली गैरसोय बघितली तर आपलं नाव येतं. शहापूर बरं, लांब आहे.

जाताना समृद्धी महामार्ग घ्या. भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर 701 किलोमीटर. शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाला आणि कसाऱ्याच्या डोंगरातून सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा निघाला. तुम्ही मात्र शहापूरला उतरा. तिथून डांबर, मग खडी, मग नुसती लाल माती, आणि एका आंब्याखाली रस्ता संपतो. गाडी तिथेच लावा. पार्किंगला पैसे नाहीत, भांडण नाही. ठाणेकराच्या डोळ्यांत पाणी यावं अशी जागा. पुढे तासभर चढ आहे. वर रस्ता का नाही, असं विचारू नका. डोंगराच्या पोटातून जाता येतं, डोंगरावर जाता येत नाही. अभियांत्रिकीलाही काही मर्यादा असतात.

चढताना समोरून चौघे जण बांबूला बांधलेली चादर खांद्यावर घेऊन उतरताना दिसले, तर कडेला व्हा. ती झोळी. आत दिवस भरलेली बाई असते. 108 ची गाडी आंब्यापर्यंत येते, तिथपर्यंत बाईला आणायचं काम घरच्यांचं. आमच्यातला एक जण ‘अरे वा, पालखी!’ म्हणाला होता. तसं म्हणू नका. फार तर फोटो मागून काढा, चेहरे येत नाहीत.

वर पोचलात की मोबाईलला रेंज नाही, याचा आनंद माना. आमच्या ग्रुपमधल्या एका बाईंनी ‘डिजिटल डिटॉक्स’ म्हणत डोळेच मिटून घेतले. रेंज हवीच असेल तर पाड्यामागच्या टेकाडावर उभं राहायचं. झोळी निघण्याआधी एक पोरगा तिथेच पळतो, गाडीला फोन लावायला. महिन्यातून एकदा रेशनचं मशीनही तिथे चढतं, कारण मशीनला नेटवर्क लागतं आणि तांदळाला अंगठा. आमच्यासमोर एका आजीचा अंगठा पाचदा लावला, पाचदा ‘पुन्हा प्रयत्न करा’. तिने बोट पदराला पुसलं, थुंकी लावली, पुन्हा पुसलं. जन्मभर गवत कापून, लाकूड फोडून त्या अंगठ्यावर रेघा उरल्याच नव्हत्या. शेवटी नातवाला पुढे केलं. नातवाचा अंगठा चकचकीत. शाळेत जात असणार.

वारली चित्रं शोधू नका, निराश व्हाल. आपल्या लॉबीत तारपा नाचाचं भलंमोठं चित्र आहे, म्हणून प्रत्येक आदिवासी वारलीच असावा अशी आपली समजूत. या पाड्यावर ठाकूर आणि थोडे कातकरी. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा गिलावा. चित्र एकच होतं, निवडणुकीचं चिन्ह. रंग अजून ताजा होता.

आता पाणी. हे नीट वाचा. बाटल्या बरोबर न्या, माणशी दोन तरी. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पाड्यावर फेब्रुवारीत विहीर तळ गाठते. मग बाया ओढ्याच्या पात्रात खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा एक पोर, असेल दहाएक वर्षांची, झिऱ्यात उतरून बसली होती. हातात स्टीलची वाटी. तळाशी चार बोटं पाणी. ती वाटी आडवी धरून वरचं वरचं पाणी अलगद उचलायची, हंड्याच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यावर ओतायची आणि थांबायची. घाई केली की गाळ येतो. झिरा पुन्हा भरेपर्यंत काठावरच्या बाया गप्पा मारत बसलेल्या. आम्ही अर्धा तास उभे होतो. हंडा गळ्यापर्यंतही आला नव्हता. ‘किती पेशन्स!’ असं आमच्या डिटॉक्सवाल्या बाई म्हणाल्या. मुलांना दाखवण्यासारखं आहे, नक्की दाखवा.

इथेच फोटोलाही उत्तम जागा आहे. पोरीला जरा डावीकडे सरकायला सांगा, म्हणजे मागे खालच्या दरीत भातसा धरणाचं निळंशार पाणी येतं. मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी याच भातसातून जातं. त्याच तालुक्यातलं तानसा धरण तर 1892 सालचं; एवढ्या वर्षांत तिथून मुंबईला पाणी पोचवायचं तंत्र आपल्याला चांगलं जमलंय. आणि ठाणेकरांनो, आपण मागे नाही. भातसा नदीचं पाणी पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलून आपल्याकडेही येतं. मी हे काठावरच्या एका मावशीला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, “मंग तुमच्याकडचं जरा प्यायला आणायचं नाय का, दादा?” मी माझी अर्धी बाटली पुढे केली. तिने ती पोरीला दिली. पोरीने झाकण लावून हंड्याजवळ ठेवली, प्यायली नाही.

पाड्यावर माणसं कमी दिसतील, बहुतेक म्हातारी आणि पोरं. ‘तरुण पिढीला शेतीत रस नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नका, वेळ आहे. राब भाजून, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळून, केलेला भात आणि थोडी नागली, वरई दिवाळीच्या सुमारास घरात येते. मग उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन घरंच्या घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना भेटायचं असेल तर डोंगर चढायचीही गरज नव्हती. सकाळी धूर दिसला म्हणून तुम्ही गाडीच्या काचा वर केल्यात ना, तिथेच.

जमिनीबद्दल बोलाल तर जपून. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा द्या आणि चार हेक्टरपर्यंत पट्टा घ्या. एका म्हाताऱ्याने पिशवीतून कागद काढले. पिशवी खताची, आत दुसरी पिशवी, आत पावत्या, दंडाची एक जुनी नोटीस आणि गावसभेचा ठराव. वन खात्याने अतिक्रमणाचा दंड केला, तीच नोटीस आता त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. मी त्याला धीर दिला की आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्सही, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, वीस वर्षं झालेलं नाही. त्याने विचारलं, “मंग तुम्हाला कोन उठवतो का?” मी विषय बदलला.

जेवण मात्र अप्रतिम. नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. पैसे घेत नाहीत. आग्रह केलात तर पोरांच्या हातावर ठेवा. बिस्किटांचे पुडे वाटायचे असतील तर रिकामी रॅपर्स परत आणा, निसर्ग जपायला हवा.

घरी आल्यावर अंघोळ करा. दोन बादल्या लागतात, ती लाल माती लवकर सुटत नाही. फोटो मात्र त्याच रात्री ग्रुपवर टाका, उशीर करू नका. आमच्याकडे सोमवारी सकाळी नोटीस आली : दुरुस्तीच्या कामासाठी शुक्रवारी 24 तास पाणीपुरवठा बंद, रहिवाशांनी पाणी भरून ठेवावे. त्यानंतर ग्रुपवर एकशे बारा मेसेज पडले, आणि झिऱ्यातल्या त्या पोरीचा माझा सुंदर फोटो कुठच्या कुठे वर गेला. त्याला सातच लाईक आले.