प्रोजेक्ट पालकांचा, शेरा मुलाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

प्राथमिकच्या मुलांनी स्वतः वस्तू आखाव्यात आणि बनवाव्यात, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे प्रोजेक्ट रात्री जागून आईबाबा करतात, चौथीतल्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, तिथे पुठ्ठे कापायला वेळ कुणाला आहे, आणि चाळीस मुलांच्या हातात कात्र्या देऊन जबाबदारी कोण घेणार?

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. सूर्यमाला, ज्वालामुखी, पाणी जिरवण्याचं मॉडेल, सगळं स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तर तेच सगळं फोमशीटमध्ये यायला लागलं. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्पाचा रकाना असतो, तो भरला की झालं. या प्रकारावर तुमच्याइतकाच माझाही राग आहे. म्हणून माझी अट साधी आहे: वस्तू वर्गातच बनेल, घरी काही जाणार नाही. आणि ती कुणाच्या तरी वापराची असेल.

खरा मतभेद वजाबाकीवरून आहे. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

चौथीच्या वर्गाला खडू ठेवायला झाकणाची पुठ्ठ्याची पेटी करायची आहे असं समजा. लांबी १२ सेंटिमीटर. वहीत ‘रेषाखंड मोजा’ हे उदाहरण बरोबर सोडवणारी मुलं इथे पट्टी घेऊन बसतात आणि काही जण मोजायला सुरुवात करतात १ पासून. खूण १२ वर होते, तुकडा भरतो ११ चा. काही जण शून्याची रेघ सोडून पट्टीचं टोकच लावतात, त्यांचा तुकडा थोडा मोठा होतो. चार बाजू चार मुलांनी कापल्या की पेटीच जुळत नाही. पुस्तकातल्या चित्रात पट्टी आधीच शून्यावर लावलेली असते, म्हणून ही चूक तिथे कधी दिसत नाही. इथे बाईंना लाल शाई वापरावी लागत नाही, कोपरा उघडा पडला की मुलं आपणच पट्टी परत लावून बघतात.

मग झाकण. बहुतेक गट झाकण पेटीच्याच मापाचं कापतात, आणि ते बसत नाही. का, यावर बरीच वादावादी होते. पुठ्ठ्याला जाडी असते आणि ती दोन्ही बाजूंनी धरावी लागते, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. आता २ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचं झाकण आतून किती लांब हवं, हे गणित ते मूल आपल्या गरजेपोटी करतं. बाहेरून मोजलेले १२, अधिक सरकायला थोडी जागा. पेटी आतून मोजली असेल, तर आधी दोन भिंतींचे ४ मिलिमीटर मिळवा. ही बेरीज-वजाबाकी नाही तर काय आहे?

लेखनाचंही तसंच. करण्याआधी आकृती काढून भागांना नावं द्यायची, झाल्यावर काय बदललं ते चार ओळींत लिहायचं. लिहायला कंटाळणारी मुलंही ‘आमचं झाकण का बसलं नाही’ हे लिहितात, कारण त्यांना सांगायचंच असतं.

यात माझा शोध काही नाही. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये उद्योग हेच शिकवण्याचं माध्यम होतं, फावल्या वेळचा विरंगुळा नव्हे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून आहे, आणि त्यात वस्तू कुणासाठी करतोय हा प्रश्न आधी येतो. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने उच्च प्राथमिकच्या मुलांसोबत पिशवी, बाहुल्या, पवनचक्कीचं मॉडेल असे घटक करून पाहिले आहेत.

साहित्याची चिंता करू नका. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून जे सांगाडे करायला शिकवले, त्यांचा खर्च चहाएवढाही नाही. (गुल आधी खरवडून टाका, हे आपण मोठ्यांनी करायचं.) चौकोन लटपटतो, त्रिकोण हलत नाही, हे हाताला कळल्यावर मुलांना वर बघायला सांगा. पत्र्याची शाळा असेल तर छत पेलणाऱ्या कैच्यांमध्ये, म्हणजे आडव्या-तिरप्या दांड्यांच्या सांगाड्यात, त्रिकोणच त्रिकोण सापडतील.

कात्र्यांचं म्हणाल, तर बोथट टोकाच्या, चौघांत एक. कटर फक्त बाईंकडे. चाळीसही मुलं एकदम बसवू नका. निम्मी पुठ्ठ्यावर, निम्मी वाचनावर, पुढच्या तासाला उलट. कार्यानुभवाची तासिका वेळापत्रकात आहेच. तिथे एरवी गणिताचा मागे राहिलेला धडा उरकतो, नाहीतर घोटीव कागदाच्या राख्या होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

शेरा पेटीला देऊ नका, आकृती आणि दुसऱ्या प्रयत्नाला द्या. वाकडी पेटी चालेल, खडू आत राहिले म्हणजे झालं. जमलं तर एका वर्गात करून बघा आणि झाकणं कशी बसली ते इथेच कळवा. बसली नाहीत तरी कळवा, मला त्यातच जास्त रस आहे.