‘बाहेरची’ चित्रं

२५ ऑक्टोबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचा, चित्रं अश्लील ठरवून जप्त करण्याचा आदेश रद्द केला आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा व अकबर पदमसी या चित्रकारांची सात चित्रं दोन आठवड्यांत सोडा, असं बजावलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या ग्रुपवर वाद पेटला; मी तो इथे लंडनमध्ये वाचत होतो. एकाने लिहिलं, ‘‘बाहेरची घाण अडवली तर कोर्टाच्या पोटात का दुखतं?’’

बाहेरची? या एका शब्दाने मी आठवडाभर धुमसतोय.

सूझा १९२४ साली गोव्यात, बार्देशातल्या साळगावात जन्मला. त्याची आई मुंबईत कपडे शिवून घर चालवायची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून त्याला काढून टाकलं, १९४७ मध्ये त्याने मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा चित्रकारांचा गट उभा केला आणि १९४९ मध्ये, चित्रांवर अश्लीलतेचा ठपका बसल्यावर, लंडन गाठलं. शेवटी तो मुंबईतच गेला, २००२ मध्ये. त्याला शिवडीच्या दफनभूमीत ठेवलंय. माणूस शिवडीत आणि त्याची चित्रं त्याच शहरात कस्टम्सच्या ताब्यात! पदमसीची कथा वेगळी नाही. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या चित्रांवरून त्याला अटक झाली आणि तो खटला जिंकला. सत्तर वर्षांनी तीच हजेरी पुन्हा लावायची?

ही चित्रं इथे ब्रिटनमध्येच लिलावात विकत घेतलेली होती, म्हणजे ती घरी परत चालली होती. त्यांना अडवायला कस्टम्सने आधार घेतला १९६४ च्या एका अधिसूचनेचा. अधिकाऱ्याने नग्नता पाहिली आणि तिथेच थांबला, जाणकारांची मतं बाजूला सारली. न्यायालयाने नेमकं तेच धरलं : लैंगिक चित्रण म्हणजे दर वेळी अश्लीलता नव्हे, आणि अधिकाऱ्याचं खासगी मत हा जप्तीचा आधार होऊ शकत नाही.

यावर त्याच मित्राचा टोला : ‘‘तुमच्या लंडनला काहीही चालतं.’’

नाही चालत. गेल्या खेपेला आईने दिलेले साताऱ्याचे कंदी पेढे इथल्या विमानतळावर काढून घेतले. भारतातून दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत, हा नियम मला ठाऊक होता, तरी आणले होते. तिथल्या अधिकारी बाईंनी फलकावर बोट ठेवलं, डबा उघडला आणि पेढे कचऱ्यात ओतले. वेलचीचा वास आला आणि गळा दाटला. पण वाद घालावासा वाटला नाही. नियम दुधाबद्दल होता. माझ्या आईचे पेढे चांगले की वाईट, हे त्या बाई ठरवत नव्हत्या.

आणि इथल्यांनीही हे शहाणपण ठेचा खाऊनच मिळवलं. १९८४ मध्ये लंडनमधल्या ब्लूम्सबरीतल्या ‘गेज द वर्ड’ या समलिंगी साहित्याच्या दुकानावर कस्टम्सने धाड घातली, परदेशातून मागवलेली पुस्तकं १८७६ च्या कायद्याखाली उचलून नेली. १९८६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात सांगितलं की जी वस्तू तुमच्या देशात राजरोस बनवता आणि विकता येते, ती शेजारच्या देशातून आली म्हणून अडवता येणार नाही. त्याच वर्षी दुकानावरचा खटला मागे घेतला गेला. आपल्याकडे सूझा काय चोरून विकला जातो?

मी तावातावाने हे सगळं ग्रुपवर टाइप केलं आणि पाठवलं नाही. कारण २०१८ ची गोष्ट आठवली. लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात सूझाची चित्रं पाहून मी भारावलो होतो. त्याच्या एका नग्न रेखाटनाची छापील प्रत पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली. डोंबिवलीला नेताना मी ती दोन टॉवेलांच्या मध्ये, बॅगेच्या तळाशी ठेवली. विमानतळावर ग्रीन चॅनलमधून, म्हणजे कस्टम्सला दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, चालताना हाताला घाम सुटला होता. कुणी काही विचारलंसुद्धा नाही. आपल्याच गावी, आपल्याच गोव्याच्या माणसाचं चित्र घेऊन जाताना मी चोरासारखा चाललो होतो. ‘बाहेरचं’ हा शब्द त्या मित्राआधी माझ्याच मनात होता, आणि तो चित्रापेक्षा मला स्वतःलाच अधिक लागू वाटत होता.

घरी आईने प्रत उलगडली. ती जाड काळी रेघ तिने बोटाने गिरवली.

‘‘गोव्याचा ना हा?’’ तिने विचारलं, आणि शिवणाच्या मशीनवरच्या भिंतीकडे बघत खिळा कुठे ठोकायचा ते ठरवू लागली.