‘आता कुठलीच लस लागत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला

बेळगाव-खानापूरकडच्या निदान चार ग्रुपवर मला हा मेसेज आलाय. एकदा माजी विद्यार्थ्यांच्या, एकदा गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या आणि दोनदा नात्यातल्या. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतल्या विद्यापीठांनी विद्यार्थी, कर्मचारी, पाहुणे सगळ्यांचीच लससक्ती गुपचूप मागे घेतली. तीन वर्षांत नियम किती वेळा फिरवला ते मोजा. लस फसवी होती ही त्यांची कबुलीच. आपल्या सुप्रीम कोर्टानंही सक्ती बेकायदा ठरवलीय. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना आता कुठलीच लस लागत नाही, पैसे घालवू नका. पुढे पाठवा.’

मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. 2021 च्या जुलैत गेटवर टेबल टाकून करोनाच्या लसीचे दाखले तपासणाऱ्यांत मी होतो. आणि गेल्या वर्षी भाचीला टेक्सासला पाठवताना लसीच्या कागदांमागं धावणाऱ्यांतही मीच. त्यामुळं या मेसेजवर बोलायचा थोडाफार हक्क आपल्याला आहे, असं धरून चालतो.

नियम फिरला हे खरंच आहे. ते नाकारणारा माणूस त्या दिवसांत गेटवर उभा नव्हता. पण का फिरला ते मेसेज सांगत नाही. आपल्याच गावापासून बघू.

कर्नाटकात कॉलेजं 26 जुलै 2021 ला उघडली ती ‘निदान एक डोस’ या अटीवर. एकच का, दोन का नाहीत? हिशेब साधा आहे. अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली 1 मे ला. 13 मे ला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवड्यांवर नेलं गेलं. म्हणजे एखाद्या पोरानं अगदी पहिल्या दिवशी डोस मिळवला असता (मिळत कुठं होता, लोक पहाटेपासून उभं राहून हात हलवत परत जायचे) तरी दुसरा 24 जुलैच्या आत बसत नव्हता. दोन डोसची अट घातली असती तर कॉलेजात आम्ही पंचेचाळिशीच्या पुढचे कारकून आणि शिपाई एवढेच जमलो असतो. पुढं पुरवठा वाढला, अंतर भरलं, तशी दोन डोसची भाषा आली. डिसेंबरात तर मॉलमध्ये, थिएटरात जाणाऱ्याला आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आईबापांनाही दोन डोस लागू लागले.

आमच्या सीमेवर याला आणखी एक वळण होतं. जुलैच्या सुरुवातीला महाराष्ट्रातून येणाऱ्याला एका डोसच्या दाखल्यावर आत सोडत होते. 31 जुलैला आदेश निघाला की लस घेतलेली असो वा नसो, आरटीपीसीआर म्हणजे नाकात काडी घालून करायची करोनाची चाचणी हवीच. रोज ये-जा करणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा. आमच्याकडं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली पोरं बक्कळ, शिनोळीवरून सकाळी येणारी. त्यातला एक मला दाखला दाखवत म्हणाला, ‘लस घेतलोय की सर, आता परत नाकात काडी कशाला?’ त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, ‘वरून आलंय’ एवढंच म्हणालो. आज देता येतं. डेल्टाची, म्हणजे करोनाच्या तेव्हाच्या प्रकाराची, लागण लस घेतलेल्यालाही होऊ शकते आणि त्याच्याकडून पुढं जाऊ शकते, हे त्याच महिन्यात जगभर दिसू लागलं होतं. दाखल्यावरून एवढंच कळतं की माणूस गंभीर आजारी पडायची शक्यता कमी झाली. आज त्याच्या नाकात विषाणू आहे की नाही, हे दाखला सांगत नाही. दोन वेगळे प्रश्न, म्हणून दोन वेगळे कागद.

   

मेसेजवाल्यांची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य. बदल सांगायची पद्धत भिकार होती. रात्री नऊला ग्रुपवर पीडीएफ, सकाळी नऊला अंमल, आणि कारण कुणी एका ओळीतही लिहायचं नाही. त्या रिकाम्या जागेतच असले मेसेज उगवतात.

आता अमेरिका. तिथं ‘सगळ्यांची सक्ती’ असा एकच नियम कधीच नव्हता. रटगर्स विद्यापीठानं 25 मार्च 2021 ला, तिथल्या विद्यापीठांत सगळ्यात आधी, विद्यार्थ्यांना लस बंधनकारक केली. कारण सरळ आहे. विद्यार्थी वसतिगृहात एका खोलीत दोघं-तिघं झोपतो, एकाच मेसमध्ये जेवतो. कर्मचाऱ्याचं प्रकरण नोकरीच्या कराराचं, युनियनचं, कायद्याचं. सप्टेंबर 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी केंद्र सरकारचं कंत्राट असलेल्या संस्थांच्या नोकरदारांना लस सक्तीची केली, त्यात अनेक विद्यापीठं आली. 7 डिसेंबरला जॉर्जियातल्या न्यायालयानं त्या आदेशाला देशभर स्थगिती दिली, तशी बऱ्याच विद्यापीठांनी कर्मचाऱ्यांची अट थांबवली. त्या बदलात लसीच्या गुणदोषाचा संबंधच नव्हता, तो वकिलांचा मामला होता. आणि पाहुणा? तो तासाभरासाठी येणार, त्याची फाइल विद्यापीठाकडं नाही. त्याला मास्क लावायला सांगायचे, फार तर गेटवर कागद बघायचे. आमच्याकडं पालक भेटायला आले की नाव आणि फोन नंबर वहीत लिहून सोडत होतो, तसंच.

मग सक्ती गेली कशी? ओमिक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकारामुळं, हे पहिलं उत्तर. 2021 च्या नोव्हेंबरअखेर तो जगाला कळला, भारतातले पहिले दोन रुग्ण 2 डिसेंबरला आपल्या कर्नाटकातच सापडले. जुन्या डोसांनी त्याची लागण फारशी अडेना. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र बऱ्यापैकी टिकलं. ‘तू घे, म्हणजे शेजारच्या बाकावरचा वाचेल’ हा सक्तीमागचा युक्तिवाद त्यामुळं अशक्त झाला. ‘तू घे, म्हणजे तू वाचशील’ हा शिल्लक राहिला, आणि तेवढ्यावर सक्ती करणं अवघड. दरम्यान बहुतेकांना एक तर लस झाली होती किंवा करोना होऊन गेला होता, कित्येकांना दोन्ही. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपवली, अमेरिकेनंही, आणि परदेशी प्रवाशांची लसीची अटही तिथं त्याच महिन्यात गेली. रटगर्सनं तर 2024 पर्यंत नियम ठेवला. यात ‘गुपचूप’ काही नव्हतं, बातम्या छापून आल्या होत्या.

याला कबुली म्हणायचं असेल तर बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानाला काय म्हणायचं? आपण तिथं क्रिकेट बघायला जातो, सकाळी फिरायला जातो, पण नाव कशावरून पडलं ते विसरतो. इंग्रजांच्या काळात तिथं देवीची लस बनायची. आज चाळिशीच्या आतल्या कुणाच्या दंडावर देवी काढल्याचा वण दिसत नाही, कारण 1980 मध्ये रोगच संपल्याचं जाहीर झालं आणि टोचणं थांबलं. ती लस खोटी होती असं माझ्या आज्जीसमोर कुणी म्हणून दाखवायला हवं होतं. करोनाचं तसं नाही हे मान्य, तो रोग संपलेला नाही, सक्ती गेली ती वेगळ्या कारणांनी. पण ‘थांबवलं म्हणजे खोटं होतं’ हे गणित देवीला लागू पडत नाही, ते करोनालाही लावता येत नाही.

शिवाय नियम कायम लसवाल्यांच्या विरोधातच फिरला असंही नाही. शेजारचा पोरगा ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेला गेला, कोवॅक्सिन घेऊन. तिथं त्याला सांगितलं, ही यादीत नाही, दुसरी घे. बिचाऱ्यानं परत दोन डोस घेतले. कोवॅक्सिनच्या चाचण्यांसाठी देशात बारा ठिकाणं निवडली होती, त्यातलं एक बेळगाव. म्हणजे आपल्या गावानं दंड पुढं केलेली लस तिकडं चालेना. 3 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली आणि त्याच्या मागून जानेवारीत गेलेल्या मित्राचा कोवॅक्सिनचा दाखला चालला.

सुप्रीम कोर्टाबद्दल. निकाल 2 मे 2022 चा. कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो, हे कोर्टानं म्हटलं. मेसेज इथपर्यंत बरोबर. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. सरकारचं लसधोरण कोर्टानं मनमानी ठरवलं नाही. लागण कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांवरची बंधनं उठवा, असं सरकारांना, खासगी आस्थापनांना आणि शिक्षणसंस्थांना सुचवलं. त्या वेळच्या परिस्थितीपुरतं. आणि भारतातला हा निकाल टेक्सासच्या रजिस्ट्रारच्या टेबलावर ठेवून उपयोग काय, हे मेसेज लिहिणाऱ्यानं कल्पनेतही करून बघितलेलं दिसत नाही.

एका ग्रुपवर कुणीतरी खाली जोडलं होतं की ॲस्ट्राझेनेकानं (आपल्या कोविशील्डची मूळ कंपनी) दुष्परिणाम ‘कबूल केले’. रक्ताच्या गुठळ्यांचा तो दुर्मीळ धोका युरोपच्या औषध नियामकानं एप्रिल 2021 मध्येच जाहीर केला होता. आणि त्या लसीला अमेरिकेत कधी परवानगीच नव्हती. अमेरिकी विद्यापीठांच्या मेसेजखाली ती आलीच कशी?

आता ज्या वाक्यानं खरं नुकसान केलं, त्याकडं येतो. ‘कुठलीच लस लागत नाही.’

14 फेब्रुवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला: विद्यार्थ्यांना करोनाची लस सक्तीची करणाऱ्या शिक्षणसंस्थांना केंद्राचा निधी नको. करोनाची. बाकी कशाचाही उल्लेख नाही. आपल्याकडं येईपर्यंत ‘करोनाची’ हा शब्द गळला. माझ्या भाचीनं तो मेसेज वाचला, विद्यापीठाच्या आरोग्य विभागाच्या दोन ईमेल न उघडता ठेवल्या, आणि जुलैत विषय निवडायला गेली तर स्क्रीनवर ‘होल्ड’, म्हणजे नोंदणी अडवलेली. म्हणाली, ‘मामा, तुम्ही कॉलेजात आहात, बघा की काय म्हणतात.’

गंमत अशी की टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत करोनाची सक्ती कधी झालीच नव्हती, राज्यपालांनी 2021 मध्येच तिला मनाई केली होती. तेच टेक्सास बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याकडून मेनिन्जायटीसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार) लस कायद्यानं मागतं. सत्र सुरू व्हायच्या निदान दहा दिवस आधी, आणि पाच वर्षांपेक्षा जुनी नको. भाचीला बावीस पूर्ण व्हायचे होते 20 सप्टेंबरला, वर्ग सुरू होणार ऑगस्टात. महिनाभरानं हुकलं. ती लस गावातल्या दुकानात फडताळावर नसते, मागवावी लागते. चार दिवस गेले.

मग एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस. विद्यापीठाला दोन डोस हवेत. माझ्या बहिणीनं ट्रंकेतून लसीचं कार्ड काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. लहानपणी डॉक्टरांकडं एमएमआर एकदाच घेतलेली. ‘पण शाळेत टोचलं होतं की!’ हे तिला आठवत होतं. बरोबर, फेब्रुवारी 2017 मध्ये कर्नाटकात शाळाशाळांतून मोहीम झाली, तेव्हा भाची तेरा वर्षांची.  पण ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाचा एम त्यात नव्हता. म्हणजे गालगुंडाचा एक डोस कमी, आणखी एक एमएमआर घ्या. त्या वर्षी टेक्सासात गोवराची मोठी साथ येऊन लस न घेतलेली दोन मुलं दगावली होती. अशा वेळी हा कागद कोण सोडून देणार?

टीबीची तपासणीही होती. बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्या आपल्या पोरांची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची करून घेतली. आणि एमएमआर टोचायच्या दिवशीच रक्त दिलं. लस आधी घेतली तर चार आठवडे थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस हातात नव्हते.

सगळं अपलोड केलं. दोन दिवसांनी उत्तर: लहानपणीचा एमएमआर अमान्य, वर्षाच्या आत दिलेला आहे. बहीण रडायला आली. मी कार्ड परत हातात घेतलं. डॉक्टरांच्या शाईत 06/12/2004. सहा डिसेंबर, पोर सव्वा वर्षाची. तिकडं महिना आधी लिहितात, त्यांनी वाचलं बारा जून, पोर नऊ महिन्यांची. डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांच्या मुलानं त्याच दवाखान्याच्या लेटरहेडवर ‘६ डिसेंबर’ इंग्रजी अक्षरांत, महिन्याच्या नावासकट लिहून सही-शिक्का दिला. तो कागद पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी होल्ड उठला.