खांबापाशी चार मिनिटं

आज सकाळी आमचा कुत्रा बंड्या विजेच्या एका खांबापाशी चार मिनिटं उभा होता. घड्याळ लावून मोजली. आधी खांबाच्या बुडाशी नाक, मग वीतभर वर, मग मागच्या बाजूने फेरी आणि परत बुडाशी. शेवटी पाय वर करून सही ठोकली, तेव्हा कुठे स्वारी पुढे निघाली. मागून येणारे एक काका थांबून म्हणाले, "अहो, ओढा की त्याला. असा रेंगाळला तर फिरणार कधी?"

काका, तो फिरतच होता हो.

मीही पूर्वी ओढायचो. खिशात पावलं मोजणारा मोबाइल, कानात गाणी, आणि बंड्याने नाक खाली घातलं रे घातलं की पट्ट्याला हिसका. घरी पोचेपर्यंत मी घामाघूम आणि खूश, आणि हा पठ्ठ्या सोफ्याचा कोपरा कुरतडायला ताजातवाना. एवढं तंगडवून आणलं तरी दमत कसा नाही, हे कोडं शेवटी त्याच्या डॉक्टरांपुढे मांडलं. त्यांनी एकच विचारलं, "वास घेऊ देता का त्याला?"

आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार 20 ते 30 कोटींच्या घरात जातात. शिवाय हुंगताना सोडलेला श्वास नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाहेर पडतो, म्हणजे समोरचा वास उधळला जात नाही. त्या खांबावर कोण येऊन गेलं, नर की मादी, ओळखीचं की नवखं, सगळं लिहिलेलं असतं. आपण मात्र पहिल्या ओळीलाच वर्तमानपत्र हिसकावून घेतो. आता मी अर्धा वेळ त्याच्या नाकाच्या मागे चालतो. सोफ्याचे उरलेले तीन कोपरे शाबूत आहेत.

याचा अर्थ पट्टा सैल सोडून द्या असा नाही. आमच्याकडे आधी ती बटण दाबलं की लांब होणारी, आपोआप गुंडाळली जाणारी दोरी होती. एकदा उभ्या गाडीखालून मांजर निसटलं. बंड्या सुटला, मी घाईत दोरीच धरली आणि ती सर्रकन बोटांमधून गेली. कातडी सोलवटली ते सोडा, तो थेट एका स्कूटरसमोर. त्या बाईंनी ब्रेक दाबला म्हणून वाचला. त्या मला जे बोलल्या ते मी निमूट ऐकून घेतलं. तेव्हापासून साधा दोन मीटरचा पट्टा, आणि तो गळ्यात न अडकवता छातीवरच्या हार्नेसला. खेचणाऱ्या कुत्र्याच्या गळपट्ट्याचा सगळा ताण श्वासनलिकेवर येतो, लहान चणीच्या कुत्र्यांना तर फारच. त्याने ओढलं की मी जागच्या जागी खांब होतो, पट्टा सैलावला की चालायला लागतो. हे त्याच्या डोक्यात शिरायला तीन आठवडे लागले. माझ्या डोक्यात शिरायला त्याहून जास्त.

उन्हाचं मात्र खरंच मनावर घ्या. हवा 25 अंशांची असली तरी उन्हातला डांबरी रस्ता पन्नाशीला पोचू शकतो, आणि तो उघड्या पंजांनी चालतोय. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही नेऊ नका. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त तळव्यांना येतो, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या मंडळींना तेही धड जमत नाही. लाळ घट्ट झाली, पाय लटपटायला लागले तर सावलीत आणा, अंगावर गार पाणी ओता आणि थेट डॉक्टर गाठा.

आणि ते "काही करत नाही हो आमचा!" हे वाक्य. मीही शंभरदा म्हटलंय. समोरचा माणूस भिंतीला चिकटलेला असतो, त्याला आपल्या कुत्र्याचं चारित्र्य प्रमाणपत्र नको असतं, अंतर हवं असतं. पट्टा आखडून घ्या, बाजूला व्हा, संपलं. समोरून दुसरा कुत्रा येत असला तरी तेच. कुत्री आपापली भेटतात तेव्हा वळसा घालून, कडेकडेने येतात. आपण दोघांना ताणलेल्या पट्ट्यांवर नाकासमोर नाक उभं करतो आणि मग गुरगुरला की त्यालाच ओरडतो. शेपूट हलतेय यावरही जाऊ नका. ताठ उभी, थरथरल्यासारखी हलणारी शेपूट मैत्रीची नसते.

शी उचलायची पिशवी हा चर्चेचा विषयच नाही. न्यायची आणि उचलायची.

संध्याकाळी परत त्याच खांबावरून गेलो. दुपारी कुणीतरी बंड्याला उत्तर लिहून गेलं असावं. या वेळी सहा मिनिटं.