हुशार मुलांना वेगळे काम देण्याबाबत खुलासा

प्राथमिक वर्गात सर्वांना एकच अभ्यास देणे शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक असून हुशार मुलाला वेगळे काम देता येत नाही, असा संदेश मुंबईतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. २००९ च्या या कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. मात्र जादा म्हणजे तशीच आणखी दहा गणिते नव्हेत. माझ्या मते ती शिक्षाच ठरते. दादरच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलीने गुणाकार सर्वांआधी संपवले, तेव्हा बाईंनी तिला २४ चौरस ठोकळे देऊन सगळे वापरून किती वेगवेगळे आयत होतात ते शोधायला सांगितले. चार आयत मांडून झाल्यावर तिनेच विचारले, “बाई, २३ घेतले तर एकच होतो का?”